होडीत शेजारी बसण्याबाबत

विषय : समुद्रापलीकडच्या करमणूक-उद्यानास सहकुटुंब भेट, आणि तेथील होडीत नातीच्या शेजारी बसण्याबाबत.

संदर्भ : १) मुलाने जेवताना केलेले तोंडी निवेदन. २) त्यास सौ.ने जागच्या जागी दिलेली मंजुरी. ३) नातीने टेबलाखालून मला मारलेली लाथ (बहुधा आनंदाने).

उपरोक्त विषयास अनुसरून सादर करण्यात येते की... पण नको. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी हात अजून या वळणावर आपोआप जातो. मध्यंतरी मी आमच्या सौ.साठी चिठ्ठी ठेवली होती, ‘दूध संपले असल्याचे निदर्शनास आले आहे, योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर.’ संध्याकाळी तिच्याखाली शेरा होता, ‘पाहिले. आपणच आणावे.’ ही बाई कचेरीत असती तर मला केव्हाच मागे टाकून गेली असती, असं मला तेव्हापासून वाटतं. तिला ते लग्नापासून वाटतं.

तर मुलाचं निवेदन असं होतं, की येत्या सुट्टीत सगळ्यांनी मिळून परदेशातल्या एका मोठ्या करमणूक-उद्यानात जायचं. तिथे राहायचंही उद्यानातच. खिडकी उघडली की समोर किल्ला, किल्ल्याला दिवे, आणि सकाळी नाश्त्याला माणसाएवढं अस्वल येऊन हात मिळवणार. (नाश्त्याच्या वेळी माझ्याशी अजून घरचं माणूसही हात मिळवत नाही.) पण या सगळ्यात आमच्या नातीला रस होता तो फक्त होडीत.

या नातीला घरात टिटवी म्हणतात. ती बोलायला लागली त्या दिवसापासून थांबलेली नाही. होडीबद्दल तिने जे सांगितलं ते असं : होडी आधी अंधाऱ्या गुहेतून हळूहळू वर चढते. वर गेल्यावर एक दार उघडतं. मग ती खाली पाण्यात पडते.

“पडते म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे पडते, आजोबा.”

“मुद्दाम?”

“त्याचेच तर पैसे घेतात,” मुलगा म्हणाला.

अडचण एकच होती. होडीच्या दाराशी दीपगृहाच्या रखवालदाराचा एक लाकडी पुतळा आहे, हात आडवा धरून उभा. ज्या मुलाचं डोकं त्या हाताला लागतं त्याने खुशाल एकट्याने बसावं. ज्याचं लागत नाही त्याच्या शेजारी घरचं मोठं माणूस हवं. टिटवी त्या हाताला चार बोटं कमी पडत होती. हे तिने स्वतःच मोजून काढलं होतं, आणि तिच्या तोंडून एवढी वाईट बातमी इतक्या हळू आवाजात आम्ही प्रथमच ऐकली.

मग शेजारी कोण बसणार याची चर्चा झाली. मुलाला झोक्यावर बसलेलं दुसरं माणूस बघूनही गरगरतं. सूनबाई काचेच्या लिफ्टमध्ये डोळे मिटून उभ्या राहतात आणि मजला आला की त्यांना कुणीतरी सांगावं लागतं. सौ.चे गुडघे दुखतात, म्हणून तिचं नाव कुणी घेतलंच नाही.

टिटवी ताटाकडे बघत म्हणाली, “म्हणजे मी नुसती बघायला जायचं का?”

मी समोरच्या भांड्यातलं पाणी प्यायलो आणि म्हणालो, “मी बसतो.”

“तुम्ही?” हे चौघांनी एकदम विचारलं. त्यात टिटवीचाही आवाज होता, याचं मला जरा वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तिने मला बापाच्या मोबाइलवर होडीची चित्रफीत दाखवली. होडी खाली येतानाचा क्षण तिने बोटाने थांबवून धरला. त्यात सगळ्यांची तोंडं उघडी होती.

“हे लोक ओरडताहेत का?”

“आनंदाने ओरडतात, आजोबा.”

“सगळेच?”

तिने चित्र मोठं करून नीट बघितलं. “हे मागचे काका नाही,” ती प्रामाणिकपणे म्हणाली. “पण ते उतरल्यावर हसले असतील.”

मागचे काका साधारण माझ्या वयाचे होते.

माझी एक पद्धत आहे. किंबहुना ती आमच्या कचेरीची होती, मी ती निवृत्तीवेतनाबरोबर घरी आणली. वरिष्ठांची तपासणी यायची असली की आम्ही आधी रंगीत तालीम करत असू. एक कारकून साहेब व्हायचा, बाकीचे आपापल्या टेबलाशी खरे कारकून व्हायचे (हेच अवघड जायचं). एकदा तालमीतल्या साहेबाने मला कामात हयगय केल्याबद्दल कारणे दाखवा नोटीस दिली. ती चुकून बाकीच्या कागदांबरोबर पुढे गेली, आणि माझ्या सेवापुस्तकात अजून आहे. पण खऱ्या तपासणीच्या दिवशी माझ्या टेबलाशी एकही चूक निघाली नाही, हेही खरं. सबब, परदेशात जाऊन होडीत बसण्यापूर्वी तालीम व्हायला हवी, असा प्रस्ताव मी मांडला.

“कशाची तालीम?” मुलाने विचारलं.

“सगळ्याची. बॅगा घेऊन चालणं, रांगेत उभं राहणं, घसरणं.”

“बाबा, लोक तिथे मजा करायला जातात.”

“मजेचीच तालीम,” मी म्हणालो.

सौ. म्हणाली, “करू दे रे त्यांना. नाहीतर आयत्या वेळी विमानात करतील.”

आता पाउचबद्दल सांगायला हवं. परदेशात कागदपत्रं अंगावर बाळगावीत म्हणून सूनबाईंनी कमरेला बांधायचा एक कापडी पाउच आणला होता. त्यात पाच पासपोर्ट सुखाने राहतील अशी त्याची अपेक्षा होती. पण आयुष्यभर मी कुठलाही कागद एकटा सोडलेला नाही. प्रत्येक कागदाची मी एक साक्षांकित प्रत काढली, आणि साक्षांकित प्रत हरवल्यास जवळ असावी म्हणून तिचीही प्रत काढली. पासपोर्टबरोबर सगळ्यांचे जन्मदाखले घेतले. लसीचे दाखले घेतले. माझा सेवानिवृत्तीचा आदेश घेतला, म्हणजे मी तिथे नोकरी शोधायला आलेलो नाही हे सिद्ध व्हावं. आणि आमच्या लग्नाचा दाखला घेतला.

“तो कशाला?” सौ.ने विचारलं.

“आपण नवरा-बायको आहोत कशावरून, असं कुणी विचारलं तर?”

“कुणी नाही विचारणार. आपल्याला चालताना बघितलं की कळतं.”

(ती पुढे असते आणि मी मागे, हातात पिशव्या.)

पाउच भरला तेव्हा तो उशीसारखा झाला. खिसेकापूंचा विचार करून मी तो शर्टाच्या आत पोटावर बांधला आणि बक्कल पाठीकडे घेतलं, म्हणजे पुढून कुणाला उघडता येऊ नये. मलाही येत नव्हतं, पण सुरक्षिततेची काही किंमत मोजावीच लागते.

रविवारी सकाळी आम्ही तालमीसाठी जवळच्या सार्वजनिक बागेत गेलो. चाकांच्या बॅगांत मी वजनासाठी जुनी वर्तमानपत्रं भरली होती. त्या ओढत आम्ही बागेच्या पायवाटेवरून निघालो तेव्हा सकाळी फिरायला आलेली माणसं बाजूला होऊन वाट देत होती. एकाने सौ.ला विचारलंही, “बरं आहे ना घरी सगळं?” मुलगा आमच्यापासून बराच पुढे, आपला आमच्याशी संबंध नाही अशा चालीने चालला होता. टिटवी सगळ्यांच्या पुढे छत्री उंच धरून, “माझ्या मागे या, कुणी हरवू नका,” असं सांगत होती. तालीम गांभीर्याने घेणारी ती एकटीच.

बागेत एक नळीची घसरगुंडी आहे. निळी, जाड, वळत वळत खाली येणारी. अंधार आहे, उंची आहे, शेवटी धपकन पडणं आहे. पाणी सोडलं तर होडीचे सर्व गुण तिच्यात होते. शिडीशी पाटी होती, ‘बारा वर्षांखालील मुलांसाठी राखीव.’ मी ती दोनदा वाचली. राखीव म्हटलं होतं, इतरांना मनाई म्हटलेलं नव्हतं. शिवाय मी स्वतःसाठी घसरणार नव्हतो, अल्पवयीन व्यक्तीचा सोबती म्हणून घसरणार होतो. कचेरीत अशा एका शब्दाच्या फटीतून आम्ही मोठमोठी प्रकरणं बाहेर काढलेली आहेत.

बागेचा रखवालदार बाकावरून उठत म्हणाला, “आजोबा, कुठं निघालात?”

“तालीम आहे.”

“कसली?”

“परदेशाची.”

त्याने थोडा विचार केला आणि पुन्हा बसला. माझ्या वयाच्या माणसाशी रविवारी सकाळी कोण वाद घालणार?

शिडीवर मी पुढे, टिटवी मागे. तिच्या मागे पोरांची रांग. वर पोचल्यावर मी नळीत पाय घातले, चित्रफितीत दाखवतात तसे हात छातीवर घडी घालून ठेवले आणि सुटलो. पहिलं वळण मला कळलंही नाही. आपल्याला हे उगीच अवघड वाटत होतं, असा विचार मनात येतो न येतो तोच दुसरं वळण आलं. नळी वळली. मी वळलो. पाउच वळला नाही.

मी थांबलो. पाठोपाठ सर्र असा आवाज झाला आणि दोन छोटे पाय माझ्या पाठीवर येऊन टेकले.

“आजोबा, चला ना.”

“चालतोय.”

“तुम्ही थांबलायत.”

“वळणावर जागा अपुरी आहे,” मी म्हणालो. हे विधान तांत्रिकदृष्ट्या अचूक होतं.

खालून सौ.चा आवाज आला. नळीतून तो कचेरीतल्या ध्वनिक्षेपकासारखा येत होता. “अहो, तुमचे बूट दिसतायत. बाकीचे तुम्ही कुठे आहात?”

“बुटांच्या मागेच.”

“मग या की.”

“प्रयत्न चालू आहेत.”

“हे अडकलेत,” ती बाहेर कुणालातरी शांतपणे म्हणाली. त्या शांतपणात अजिबात आश्चर्य नव्हतं, हे मला लागलं.

मग मुलाने माझे पाय ओढून पाहिले. एक बूट निघाला, मी नाही. वरच्या पोरांनी एकसुरात “पुढे चला, पुढे चला” सुरू केलं. रखवालदाराला बोलावलं. त्याने नळीवर दोनदा टकटक केलं, वैद्य छाती तपासतात तसं, आणि म्हणाला, “हा तुकडा सोडवायला लागेल. नट-बोल्ट आहेत. पाना आहे माझ्याकडे.”

“मग सोडवा ना,” सूनबाई म्हणाल्या.

“तसं नाही सोडवता येत, ताई. अधीक्षकसाहेबांची परवानगी लागते. त्यांना लेखी अर्ज लागतो.”

“माणूस आत अडकलाय आणि अर्ज कसला मागताय?” मुलगा चिडला.

“बरोबर आहे त्यांचं,” मी आतून म्हणालो.

“काय बरोबर आहे?” सौ.ने विचारलं.

“सार्वजनिक मालमत्तेचा भाग तोंडी सांगण्यावरून सुटा कसा करतील? उद्या तुकडा हरवला तर हा बिचारा जबाबदार. लिहून घे, मी सांगतो.”

“साहेब आत आहेत ते कचेरीतले होते वाटतं,” रखवालदार सौ.ला म्हणाला. त्याच्या आवाजात पहिल्यांदाच माझ्याविषयी आदर होता.

टिटवीची चित्रकलेची वही पिशवीत होती. तिचं पान फाडून सौ. नळीच्या तोंडाशी बसली.

“विषय लिहिलास?”

“लिहिला. नवरा अडकला.”

“असं नसतं गं. ‘नळीतून सुटका मिळणेबाबत.’”

“बरं. मिळणेबाबत. पुढे?”

“‘वरील विषयास अनुसरून विनंती करण्यात येते की, अर्जदार हे दिनांक आज रोजी काही अपरिहार्य कारणास्तव...’”

“कसलं अपरिहार्य? तुम्हीच चढलात.”

“लिही तू.”

“मी ‘हौसेने’ लिहितेय.”

अर्ज पुरा झाला तेव्हा रखवालदाराने तो वाचला आणि खाली अर्जदाराची सही लागेल म्हणाला. मला हे आधीच सुचायला हवं होतं. माझे हात छातीवर घडी घातलेल्या अवस्थेत पक्के होते. मुलाने “मी करतो सही” म्हणताच मी आतून हरकत घेतली. दुसऱ्याच्या नावाने सही करणं हा गुन्हा आहे, आणि माझ्या पोटच्या पोराने तो माझ्यासमोर (म्हणजे माझ्या पायांसमोर) केला असता तर मला आयुष्यभर टोचत राहिलं असतं.

“अंगठा चालेल?” सौ.ने विचारलं.

“चालतो की,” रखवालदार म्हणाला.

“पायाचा?”

तो विचारात पडला. नियमात हाताचा असं कुठे म्हटलेलं त्याला आठवेना. मग माझा मोजा काढला गेला, सूनबाईंच्या लिपस्टिकने माझा अंगठा रंगवला गेला, आणि गुदगुल्या होत असताना मी एका शासकीय कागदावर पायाने सही केली. ती उजव्या पायाची निघाली. “डावा लागतो,” रखवालदार म्हणाला. दुसरा बूट, दुसरा मोजा. अर्ज घेऊन तो अधीक्षकांच्या घराकडे गेला. ते बागेतच मागच्या बाजूला राहत, पण रविवारी उशिरा उठत.

मग बाहेरचे आवाज जरा लांब गेले. नळीत निळसर उजेड होता. माझ्या पाठीवर टिटवीचे पाय होते, आणि ती चक्क गप्प होती. मला काळजी वाटली.

“भीती वाटतेय का गं?”

“नाही. तुम्हाला?”

“नाही.”

“खरं सांगा.”

“थोडी,” मी म्हणालो. नळीत ते फारच मोठ्याने ऐकू आलं.

“मला पण होडीची थोडी वाटते,” ती म्हणाली. “मी कुणाला सांगितलं नाहीये. ते दार उघडतं ना वरती, तेव्हाची. म्हणून तर शेजारी कुणीतरी हवं. ती बाहुलीची उंची-बिंची ठीक आहे.”

“पुतळ्याची.”

“तेच. तुम्ही असाल ना शेजारी?”

“म्हणजे काय. शब्द दिलाय.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली, आणि पाय जरा सरकवले. “आजोबा, तुमच्या पाठीला काय टोचतंय? कडक आहे काहीतरी.”

“बक्कल आहे ते.”

“उघडू?”

आत्तापर्यंत चार मोठी माणसं, एक रखवालदार, एक पाना आणि एक विधिवत अर्ज यांच्यापैकी कुणालाही हा प्रश्न सुचला नव्हता. मी ‘हो’ म्हणण्याच्या आत तिचा हात माझ्या शर्टाखाली आला आणि खट्ट झालं. पोटावरची उशी पसरली, कागद सगळीकडे सरकले आणि मी निघालो. बाहेर पडलो तो अनवाणी, लाल अंगठ्यांनिशी, थेट सौ.च्या पुढ्यात. मागोमाग टिटवी आली. त्यानंतर एकेक करून साक्षांकित प्रती येत राहिल्या. सगळ्यात शेवटी लग्नाचा दाखला आला. तो सौ.ने उचलला, झटकला आणि माझ्याकडे न देता आपल्या पर्समध्ये ठेवला.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. एवढ्यात रखवालदार परत आला.

“साहेब म्हणाले, अर्ज ठेवून जा, बघतो.” मग त्याची नजर माझ्यावर गेली. “तुम्ही बाहेर कसे? अजून सही व्हायचीय.”

मी त्याची माफी मागितली. दुसरं काय करणार? चूक माझीच होती.

आम्ही कागद गोळा करत होतो तेव्हा सौ.ने पर्स सूनबाईंच्या हातात दिली. “बघू तरी काय आहे एवढं,” म्हणाली आणि शिडी चढू लागली.

“अगं, गुडघे,” मी म्हणालो.

“घसरताना गुडघे लागतात कुठे?” ती वरून म्हणाली.

ती आली. दोन्ही वळणं घेऊन, सरळ, केसही न विस्कटता, आणि खाली आल्यावर नुसती ताडकन उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

“आई, तुम्हाला जमेल असं वाटलं नव्हतं,” सूनबाई म्हणाल्या.

“विचारलं कुणी?” सौ. म्हणाली, आणि टिटवीचा हात धरून पुन्हा रांगेत उभी राहिली.

इथे प्रकरण संपलं असतं तर मी ते लिहिलंही नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मला पलंगावरून उठता येईना. डॉक्टरांनी कंबर दाबून विचारलं, “काय उचललंत?” मी म्हणालो, “काही नाही, परदेशवारीची तयारी करत होतो.” त्यांनी सक्त विश्रांती सांगितली, आणि इतक्यात विमानात एवढा वेळ बसायचं नाही असंही सांगितलं. मी म्हणालो, तुम्ही चौघं जा. मुलगा म्हणाला, पुढच्या सुट्टीत सगळे जाऊ. सूनबाईंनी मान डोलावली. टिटवी काहीच म्हणाली नाही.

ती त्या दिवशी जेवतानाही बोलली नाही. आमच्या घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येते, हे मला तेव्हा कळलं. कचेरीत मला मेमो मिळाले आहेत, वेतनवाढ रोखली गेली आहे, एकदा तर बदलीचा आदेश शुभेच्छापत्राच्या पाकिटातून आला होता. पण त्या संध्याकाळइतकी शिक्षा मला कुणी केलेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ती माझ्या पलंगाशी आली, बापाचा मोबाइल उशीला टेकवून ठेवला आणि म्हणाली, “सरका. होडी बघूया.” मी सरकलो. कंबर दुखली, पण सरकलो.

मधल्या महिन्यांत माझी कंबर हळूहळू सरळ झाली आणि टिटवी भराभर लांब झाली. सूनबाई दर रविवारी तिला स्वयंपाकघराच्या चौकटीला उभी करून पेन्सिलने रेघ मारत. होडीच्या दाराशी असलेल्या पुतळ्याच्या हाताची उंची तिथे लाल रंगात आधीच आखलेली होती. कारवाई इतकी नियमित होती की मला आमच्या शाखेची आठवण व्हायची (आमची शाखा इतकी नियमित नव्हती). आणि एका रविवारी पेन्सिलची रेघ लाल रेघेच्या वर गेली.

“आता मला कुणी लागत नाही,” टिटवीने जाहीर केलं. “मी एकटी बसू शकते.”

सगळ्यांनी तिचं कौतुक केलं. मीही केलं. मग माझ्या लक्षात आलं, की ज्या पदावर माझी नेमणूक झाली होती ते पदच आता रद्द झालं आहे. कचेरीत निदान निरोपाचा चहा मिळतो. इथे माझा रोजचाच चहा माझ्यापुढे आला, आणि तोही जरा गार.

“आणि ते वरचं दार?” मी तिला बाजूला घेऊन हळूच विचारलं.

“त्याची भीती गेली, आजोबा. त्या नळीपासून.” तिने माझ्या हातावर थोपटलं. “तुम्ही काळजी करू नका.”

“शेजारची जागा रिकामी आहे ना गं?” स्वयंपाकघरातून सौ.चा आवाज आला. “मग मी बसते.”

“बस की आजी,” टिटवी म्हणाली. इतकी वर्षं मी मंजुऱ्या पाहिल्या, पण अर्ज आणि निकाल एका श्वासात होताना प्रथमच पाहिला.

म्हणून मी रीतसर अर्ज केला. विषय : होडीत सोबत नेण्याबाबत. त्यात नमूद केलं, की अर्जदार यापूर्वी सोबती म्हणून नियुक्त होता. तथापि मध्यंतरीच्या काळात, अर्जदारालाच सोबतीची गरज असल्याचे निदर्शनास आले आहे. होडीत मागेही एक बाक आहे याकडे आदरपूर्वक लक्ष वेधलं. खाली सही केली, या वेळी हाताने. टिटवीने अर्ज माझ्यासमोर उभ्याउभ्या वाचला आणि एकच त्रुटी काढली.

“मागच्या बाकावर तुमच्या शेजारी कोण?”

मी मुलाचं नाव सुचवून पाहिलं, पण त्याने खाली उभं राहून सगळ्यांच्या पिशव्या सांभाळायचं काम तोंडी मागून घेतलं होतं, आणि ते त्याला त्याच दिवशी मिळालंही होतं. सूनबाई खालून फोटो काढणार आहेत. त्यामुळे खाली राहणाऱ्यांतही आता जागा शिल्लक नाही.

टिटवी म्हणाली, “आजीला विचारून सांगते.” सौ. म्हणाली, “ठेव तिथे, बघू.” अर्ज फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावलेला आहे. येत्या आठवड्यात आम्ही निघत आहोत. काल मी प्रकरण कुठवर आलं अशी नम्र चौकशी केली, तेव्हा बॅग भरता भरता सौ.ने वर न बघता सांगितलं, की तिथे पोचल्यावर मला आधी त्या पुतळ्याच्या हाताखाली उभं करून बघायचं ठरलं आहे.

अर्ज अद्याप विचाराधीन आहे.